'ठीक आहे'वरची टिकली

आई, आज माझ्यावर घोर अन्याय झालाय. स्क्रीनवरची बटणं मांडून देणाऱ्या टूलकिटची नवी आवृत्ती आली आणि 'ठीक आहे'चं बटण मला न विचारता पुन्हा डावीकडून उजवीकडे गेलं. सकाळपासून 'रद्द'च दाबतेय आणि दाद मागायला कुणी नाही. तू असतीस तर हसली असतीस. छे, हसली नसतीस.

पेणकरपाड्यातल्या तुझ्या पतपेढीत जुना संगणक मेला आणि फुकटच्या सिस्टीमचा नवा आला, तेव्हा मी भलत्याच तोऱ्यात होते. नोंदींचा प्रोग्राम माझा, एकदाच लिहिलेला, जुन्या-नव्या दोन्ही सिस्टीमवर चालणारा. खिडक्या-बटणं टूलकिट त्या त्या सिस्टीमच्या रिवाजाप्रमाणे मांडणार. त्याने मांडली. नव्या रिवाजात 'ठीक आहे' उजवीकडे. तुझा हात जातोय डावीकडे, आता तिथे असलेल्या 'रद्द'वर, भरलेली नोंद पुसली जातेय, आणि काउंटरपलीकडचा दुकानदार म्हणतोय, "आंटी, फिर से?" शेवटी मॅनेजर गोड आवाजात म्हणाले, "काकू, जमत नसेल तर आत फायलींकडे बसा." निवृत्ती तोंडावर आली होती. अख्खा पाडा तुला त्या काउंटरवरची म्हणून ओळखायचा; आत कोण बघणार होतं तुझी इस्त्रीची साडी?

घरी तू कणीक मळत होतीस. "ते मी नाही, टूलकिट ठरवतं," मी म्हणाले.

"मग बोलव त्याला. मिठाचा डबा हलवलास तरी मला सांगतेस ना? हा कोण लागून गेला?"

"शिक ना जरा. बटण आहे तिथेच, बाजूला."

"मी शिकेन गं. हाताला कोण शिकवणार?"

दुसऱ्या दिवशी तू एक लाल टिकली स्क्रीनच्या काचेवर, बरोबर 'ठीक आहे'वर चिकटवलीस. मी वैतागले. खिडकी जरा सरकली की टिकली भलतीकडेच.

"मग सरकू देऊ नकोस," तू म्हणालीस. तेवढं केलं, खिडकी मधोमध खिळवून टाकली. बटण मात्र हलवलं नाही. टूलकिटशी कोण भांडणार? तू काउंटरवरूनच निवृत्त झालीस, टिकलीच्या जोरावर.

आज दुपारी माझ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये एक चौकट वाढवली: 'बटणं पूर्वीच्याच जागी ठेवा'. आधीच खूण केलेली. शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, "मॅडम, हे कुणी मागितलं?"

"एका जुन्या ग्राहकाने," मी म्हणाले. आई म्हणायला जीभ वळली नाही.