एका दाराची दोन नावं

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तो सध्या उभ्यानेच घालतोय, बरं वाटलं की उरलेला आडवा भाग पुरा करीन.) तुझे गुडघे काय म्हणतात? ऑपरेशन केलेला डोळा उघडलास का, की डॉक्टरांवरच वटारून ठेवला आहेस? आम्ही नव्या घरात आलो त्याला दोन महिने झाले आणि तुझं एक पत्र नाही. (नवा पत्ता कळवायचा राहिला खरा, पण पोस्टात पत्ताबदलाचा अर्ज दिलेला आहे, तेव्हा ती सबब चालणार नाही.) फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि आलं तरी तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हा कागद. पाकिटावर ‘चि. ढब्या’ लिहू नकोस असं मी चाळिशी उलटली तरी सांगतोय, त्याचा राग आला असेल तर शब्द मागे घेतो. खरं म्हणजे हे पत्र तुझे आभार मानायला आहे. तुझ्यामुळे माझी नोकरी वाचली, आणि ती कशी हे समजावून द्यायलाच हवं, कारण मी ऑफिसात टायपिंग करतो असं तू अजून लोकांना सांगतेस.

तर प्रोग्रॅम एकसंध नसतो. त्याचे पुष्कळसे भाग तयार मिळतात आणि अनेक प्रोग्रॅम ते वाटून वापरतात. त्या गाठोड्याला शेअर्ड लायब्ररी म्हणतात. कोणी कोणत्या नावाने काय मागितलं आणि ती वस्तू कोणत्या पत्त्यावर आहे, हे जुळवून देणारा तो लिंकर. म्हणजे तू तीस वर्षं पोस्टात केलंस ते सॉर्टिंगच, आणि आमच्या कंपनीत तो लिंकर मी सांभाळतो. एका पावाच्या कारखान्याचा भट्टीचा प्रोग्रॅम त्याने जोडला होता. लायब्ररीत भट्टी किती तापवायची त्या तापमानाचा एक कप्पा होता आणि त्याला नावं दोन: बाहेरच्यांसाठी नुसतं ‘तापमान’, आणि लायब्ररीतल्या घरच्यांसाठी तेच नाव, आधी दोन रेघा ओढून. कप्पा एकच, दार एकच. प्रोग्रॅमने बाहेरच्या नावाने तो मागितला. अशा वेळी लिंकर त्या कप्प्याचं बिऱ्हाड प्रोग्रॅमच्या घरी हलवतो आणि नवा पत्ता सगळ्यांना कळवतो. माझ्या लिंकरने तो फक्त बाहेरच्या नावाला कळवला. घरातलं नाव बिचारं जुन्याच दारावर खेटे घालत राहिलं. प्रोग्रॅम नव्या घरात दोनशे वीस लिहायचा, भट्टी पेटवणारी लायब्ररी जुन्या घरात शून्य वाचायची. पडद्यावर भट्टी तापलेली, आत थंडगार. कारखान्याच्या मालकाने पुरावा म्हणून कच्च्या पावांची पेटीच माझ्या टेबलावर आणून ठेवली. (संध्याकाळपर्यंत पाव फुगून पेटीबाहेर आले आणि कीबोर्डात शिरले.)

आमच्या मुख्य बाई आवाज चढवत नाहीत. “शुक्रवारपर्यंत पाव भाजला पाहिजे, नाहीतर सोमवारी येऊ नका,” एवढंच म्हणाल्या. याच नोकरीच्या भरवशावर आम्ही मोठं घर घेऊन बसलेलो. मी आधी अतिशहाणपणा केला. रेघा वगळून अक्षरं सारखी दिसली की ती दोन्ही नावं एकत्र हलवायची असं ठरवलं, आणि आगीतून फुफाट्यात पडलो. ‘दिवा’ आणि रेघा ओढलेला ‘दिवा’ हे एकमेकांचे कोणीच नव्हते; एका कप्प्यात दिवा चालू की बंद हे होतं, दुसऱ्यात तो कितीदा लागला हे. दोन परके मी एका खोलीत कोंबले, मोजणीचा आकडा ‘चालू’ म्हणून वाचला गेला आणि भट्टीवरचा दिवा काही केल्या विझेना.

गुरुवारी दुपारी डोकं धरून बसलो होतो तेव्हा तू आठवलीस. गेल्या वर्षी आठवडाभर आलीस तेव्हा मटार सोलता सोलता तू त्या सुईणबाईंची गोष्ट सांगत होतीस आणि मी ‘हं, हं’ करत मोबाइल बघत होतो. सुईणबाईंनी घर बदललं, अर्जात आपलं पूर्ण नाव लिहिलं, आणि ‘नर्सबाई’ या नावाने आलेलं बोलावणं जुन्या बंद दारात पडून राहिलं. बाळ काही थांबलं नाही. तेव्हापासून तू अख्ख्या पोस्टाला शिस्त लावलीस, की कोणी घर हलवलं तर नावावर जाऊ नका, जुन्या दारावर जा. तिथे कोणकोणत्या नावाने पत्रं येतात ते बघा आणि तेवढी सगळी एकदम हलवा. आत्या, मी तेच लिहिलं. कप्पा हलवण्याआधी लायब्ररीत त्याच पत्त्यावर आणखी कोणती नावं आहेत ते शोधायचं आणि सगळ्यांना नवा पत्ता द्यायचा. बारा ओळी झाल्या. शुक्रवारी भाजलेला पाव बाईंनी स्वतः तोडून खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. (ते माझ्याकडे नाही.) त्या बारा ओळींच्या डोक्यावर मी ‘आत्याचा नियम’ असं लिहिलंय. मी तुझं धड कधी ऐकलं नाही, आणि जे अर्धवट कानावर पडलं त्यावर आज माझं घर उभं आहे. तोंडावर आभार मानायची आपल्यात रीत नाही, म्हणून कागदावर मानतो.

तुझा भाचा

ता. क. मुख्य बाईंना हा नियम तुझ्या तोंडून ऐकायचा आहे. गुडघे हो म्हणाले तर ये.

आणखी ता. क. हे पत्र टाकायला निघालो तर रस्त्यात जुनी घरमालकीण भेटली. म्हणाली, “साहेब, कोणा ढब्या नावाच्या मुलाची पत्रं येत होती. तीन आली. असा कोणी इथे राहत नाही म्हणून मी परत पाठवली.” पत्ताबदलाच्या वेळी पोस्टातल्या कारकुनाने मला नीट विचारलं होतं, आणखी कुठल्या नावाने पत्रं येतात का, आणि मी ताठ मानेने ‘नाही’ म्हणालो होतो. तेव्हा रागवायचा हक्क तुझा, तोही तीनदा. ती पत्रं फाडली नसशील तर पुन्हा पाठव. पोस्टात दुसरा अर्ज दिला आहे, आणि दारावरच्या पाटीवर माझ्या नावाखाली ‘ढब्या’ रंगवून घेतलंय. शेजारी जाता-येता वाचतात. वाचू देत.