पाण्याला विरजण

मावशी,

तू आमच्या घरात आलीस तेव्हा तुझ्या सामानात एक पितळी डबा होता आणि त्यात ओली वाळू होती. लग्नघरात आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली होती, "लोक माहेरून लाडू आणतात, हिने चिखल आणलाय." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसले नाही, पण ते तुझ्या बाजूने नव्हे. तुझ्याकडे बघायचंच नाही असं मी ठरवलं होतं. मी अकरा वर्षांची होते, आईला जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि तिच्या जागी आलेल्या बाईला काय म्हणायचं हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. "आई म्हण," असं अण्णा एकदाच म्हणाले, तेही माझ्याकडे न बघता. मी मावशी म्हटलं. तू त्यालाच ओ दिलीस. त्याच उन्हाळ्यात अण्णांना तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर नोकरी लागली आणि कराडजवळचं गाव सोडून आपण तिघं बोईसरला आलो. स्टेशनच्या मागे, एका तिथल्याच माणसाच्या घराच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

तुझ्या माहेरी, गिरगावात, तुझ्या वडिलांनी काचेच्या टाकीत मासे पाळले होते. तुला तशीच टाकी हवी होती. दागिना नाही, लुगडं नाही, टाकी. अण्णांनी बोईसरच्या वेल्डरकडून लोखंडी पट्ट्यांची चौकट करून घेतली, पालघरहून काचा आणल्या, आणि रविवारी दिवसभर बसून त्या पुटीने बसवल्या. पहिल्यांदा पाणी भरलं तर एका कोपऱ्यातून धार लागली. दुसरा कोणी असता तर कंटाळला असता. अण्णांनी काच काढली, पुटी खरवडली, पुन्हा लावली. मग खिडकीखाली भिंतीत जाड फळी ठोकून त्यावर ती टाकी ठेवली. ती फळी मी विसरलेले नाही. माझ्या आईने गावाकडच्या स्वयंपाकघरात मसाल्याचे डबे ठेवायला एक फळी मागितली होती. किती वेळा मागितली असेल! "बघू," एवढंच अण्णा म्हणायचे. ती डबे जमिनीवर ओळीने ठेवायची आणि वाकून वाकून घ्यायची. अण्णांना हातोडी धरता येते हे मला तुझ्यासाठी फळी ठोकताना कळलं. त्या दिवशी मी जेवले नाही. पोट दुखतंय म्हटलं. तू ओवा आणून दिलास, तोही मी खाल्ला नाही.

आता मला दिसतेस ती ओट्यावर बसून वाळू धुणारी तू. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. नदीची जाड वाळू घमेल्यात घालून तू धुतेस, गढूळ पाणी ओततेस, पुन्हा धुतेस. आपल्या विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून लांबच्या गोड्या विहिरीवरून कळशा येतात. वाळू पसरल्यावर तू तिच्यावर एक ताटली ठेवतेस आणि ताटलीवर हळूहळू पाणी सोडतेस, वाळू हलू नये म्हणून. तळ्यावरून आणलेलं लांब फितीसारखं पाणगवत एकेक काडी करून खोचतेस. आणि सगळ्यात शेवटी तो पितळी डबा उघडून तुझ्या वडिलांच्या टाकीतली मूठभर वाळू त्यात पसरतेस. मी दारात उभी. न विचारताच तू म्हणालीस, "हे विरजण आहे. दुधात घातलं की दही लागतं ना, तसं पाणी लागतं ह्याने. ह्यात काय असतं ते मला माहीत नाही. पण नुसत्या नव्या पाण्यात मासा जगत नाही." मला ते आवडलं होतं. म्हणूनच मी तोंड फिरवून आत गेले.

आणि मग तू मासे आणलेच नाहीस. पाणी आधी तांदूळ धुतल्यासारखं पांढरं झालं, मग काचेवर तपकिरी बुरशीसारखा थर आला, आणि तू खुशाल बघत बसलीस. रिकाम्या टाकीत मधूनमधून सुक्या जवळ्याची चिमूट टाकायचीस, पाण्यात काहीतरी कुजलं पाहिजे म्हणून. किनाऱ्यावरच्या नवापूरहून मासळी घेऊन येणाऱ्या बाईने ते पाहिलं आणि टोपली खाली ठेवून कमरेवर हात ठेवले. "काय गो बाय, जवला कोनाला घालतेस? आत मासाच नाय!"

"येणार आहेत," तू म्हणालीस.

"येतील तवा येतील. आता तं तू पानीच पालतेस!" असं म्हणून ती इतकी हसली की तुलाही हसू आलं. आळीत मग हेच नाव पडलं, पाणी पाळणाऱ्या बाईचं घर.

अण्णांना ते लागलं असावं. कामाने मुंबईला गेले होते, तिथून काचेच्या बरणीत लाल शेपट्यांचे मासे घेऊन आले. बरणी टॉवेलात गुंडाळलेली, चेहरा लहान मुलासारखा. तू म्हणालीस, "अहो, अजून नाही. पाणी लागलं नाही अजून." अण्णा म्हणाले, "एवढं स्वच्छ तर दिसतंय," आणि बरणी टाकीत ओतली. दोन दिवस ते मासे हिंडले. मग वर येऊन तोंडं उघडायला लागले, आणि एका सकाळी सगळे आडवे तरंगत होते. तू ते जाळीने काढलेस आणि रडलीस. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. वाटलं, आता अण्णा ओरडतील. आईवर ओरडायचे तसे, भांडं आपटून, चूक स्वतःची असली की जास्तच. मी वाट बघत चुलीपाशी उभी होते. अण्णा तुझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "माझं चुकलं. तू सांगत होतीस." बस, एवढंच. हे दोन शब्द त्यांना येत होते! माझ्या आईने सगळा संसार केला त्या माणसाबरोबर आणि ते दोन शब्द न ऐकता गेली. मी मागच्या परसात जाऊन बसले. तुझा इतका राग मला आधी कधी आला नव्हता, आणि तुझं तर काहीच चुकलं नव्हतं. तोच तर राग होता.

मी टाकीजवळ येत नव्हते, तर घरमालकाची मुलगी यायला लागली. माझ्याच वयाची, माझ्याच वर्गातली. "काकी, आज पानी साफ दिसते ना?" करत शाळेतून थेट आपल्या खोलीत. तू तिला पिवळी पानं खुडायला शिकवलंस, काचेवरचे शंख कसे चालतात ते दाखवलंस. तुम्ही दोघी डोक्याला डोकं लावून बसायचात. तू तिच्याशी बोलताना हसायचीस ते हसू माझ्याशी बोलताना नसायचं, आणि नसायचं ते माझ्यामुळेच, हे मला कळत होतं. तरी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. अण्णा तुझ्याकडे बघायचे तेव्हा मला जे व्हायचं तेच आता तू तिच्याकडे बघायचीस तेव्हा होऊ लागलं होतं. माझा हेवा अण्णांवरून उठून तुझ्यावर येऊन बसला होता. एकदा मी अशीच दारात उभी राहून बघत होते. तू मान न वळवता म्हणालीस, "दारात उभी राहू नकोस. झाडांचा उजेड अडतोय." ती घरमालकाची मुलगी फिसकन हसली. तुझ्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं कडक वाक्य. कितीतरी दिवस मी त्या दारातून गेलेच नाही, परसातून फिरून जायचे.

मग तुला दिवस राहिले आणि डॉक्टरांनी कळशी उचलायला मनाई केली. मी बाहेर आले तर ती मुलगी टाकीसाठी गोड्या पाण्याची कळशी घेऊन पायरी चढत होती. मी तिच्या आडवी उभी राहिले. "आमच्या घरातलं पाणी मी भरीन."

"मंग भर की! मी कवा नाय बोल्ले?" तिने कळशी माझ्या पायाशी ठेवली. "काकी तं रोज बोलते, ती येईल, ती येईल. त्या कोपऱ्यात मला एक काडी नाय लावू देत. तुझा हाय म्हनते."

टाकीचा उजवा कोपरा रिकामा होता, नुसती वाळू. तुझ्याकडचं गवत संपलं असेल असंच मी समजत होते. कळशी घेऊन आत गेले तेव्हा तू भाजी निवडत होतीस. टाकीतल्या गवताच्या बुडाशी फुटलेली एक कोवळी काडी सोडवून माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "मूळ दाब, पण गळ्यापर्यंत पुरू नकोस. कुजतं." मी हात पाण्यात घातला. वाळू गार होती. पहिल्यांदा काडी सुटून वर आली, दुसऱ्यांदाही. तू भाजी निवडत राहिलीस. तिसऱ्यांदा ती राहिली.

पावसाळा संपल्यावर मासे आले आणि या वेळी जगले. बरणी आधी टाकीत तरंगत ठेवायची, मग हळूहळू दोन्ही पाणी एक करायचं, हे तू मला करायला लावलंस. थंडीत माझा भाऊ जन्मला. त्याला रांगता येऊ लागलं तोवर पुटी सुकून टाकी पुन्हा गळायला लागली. या वेळी अण्णांना कामातून सवड नव्हती, तुला बाळातून. मासे घरमालकांच्या हौदात सोडले आणि फळीवर बाळाचे कपडे आले.

तो तुला आई म्हणायचा. त्याला ते कुणी सांगावं लागलं नाही. मी मावशीच म्हणत राहिले, बदलायचं तर कुठल्या दिवशी बदलायचं ते सुचलं नाही. तू गेलीस तेव्हा लोक त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. माझ्याकडे येऊन एक बाई म्हणाली, "चहाचं कुठवर आलं?" मी चहा केला. त्या दिवसापासून मी त्याच्यावर जळते आहे, मावशी. चांगला आहे तो, माझी कामं धावून करतो, तरी जळते.

परवा त्याचा फोन आला. नातीसाठी त्याने काचेची टाकी घेतली आहे, पाणी गाळायचं यंत्र, दिवे, सगळं घेऊन. पाणी पांढरं झालंय, काय करू, विचारत होता. मी म्हटलं, काही करू नकोस, थांब, मासे आणू नकोस. मग पुष्कळ वेळ सांगत बसले, तू कसं करायचीस ते. ऐकून तो म्हणाला, "ताई, मला जी आई मिळाली ती डबा भरणारी, पाढे घेणारी. टाकीपाशी बसलेली आई मी पाहिलीच नाही. खरं सांगू का, मला तुझा हेवा वाटतो."

हे पत्र त्याला दाखवायचं नाही, आणि तुला धाडायला पत्ता नाही. म्हणून एक सांगून टाकते. त्याचं ते वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी म्हटलं, "आवाज तुटतोय रे, काय म्हणालास? पुन्हा सांग."