चांद्याच्या गोदामातला ओला कोबा

मी, भिकाजी लक्ष्मण ओव्हाळ, वय एकसष्ट, राहणार मौजे माले, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, आज स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहायला बसलो आहे. मला कोणी बसवलेलं नाही. पौडच्या वकीलबाई म्हणाल्या की डोकं ठिकाणावर असल्याचं आधी लिहावं. तर ते ठिकाणावर आहे. छाती नाही. चार ओळी झाल्या की थांबून श्वास गोळा करावा लागतो, त्यामुळे अक्षर मध्येच बदललेलं दिसेल. त्यावरून दुसऱ्या कोणी लिहिलं असा संशय घेऊ नये. यापूर्वी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही.

माझा धंदा जुने कोबे घासण्याचा. कारखान्याचा, गोदामाचा सिमेंटचा कोबा वीस वर्षांत झिजतो, तेल पितो, भेगाळतो. मग मालक त्यावर नवा इपॉक्सीचा लेप मारून घेतो. लेप मारणारा कारागीर वेगळा आणि त्याच्याआधी कोबा तयार करणारा वेगळा. मी तयार करणारा. लोखंडी दांड्याने ठोकत सगळा कोबा फिरायचा, कुठे पोकळ वाजतो ते बघायचं. तेलाचे डाग धुवायचे. मग मशीनने वरचा मेलेला थर घासून काढायचा, भेगा उघडून भरायच्या, धूळ ओढून घ्यायची. काम संपलं की कोणी बघत नाही, कारण त्यावर लेप येतो. सत्तावीस वर्षं मी हे केलं. पहिली पंधरा वर्षं कोरडंच घासलं, तोंडाला रुमाल बांधून. पाणी सोडून घासलं तर धूळ उडत नाही, पण मग चिखल काढत बसावं लागतं, वेळ जातो.

कलम १. माल्याचं राहतं घर, दोन खोल्या आणि पुढची पडवी, माझी पत्नी फुलाबाई हिला. ती आहे तोवर त्यात कोणी वाटणी मागू नये. माझा मुलगा विकी याला सांगतो: प्लॉटिंगवाला माणूस दोनदा घरी आला होता, मी झोपलेला नव्हतो. तुझ्या आईच्या पश्चात घर तुला आणि तुझ्या बहिणीला, तृप्तीला, निम्मं निम्मं. तेव्हा काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवा.

कलम २. बँकेत जे आहे ते आधीपासून फुलाबाईच्या नावावर आहे. ऑक्सिजनचं मशीन भाड्याचं आहे. ते परत करावं, त्याची नळी धुऊन.

कलम ३. हातहत्यारं, म्हणजे ठोकायचा दांडा, छिन्न्या, भेगा भरायचे तीन पत्रे आणि धूळ ओढायचं जुनं यंत्र, ज्याला उपयोग असेल त्याने न्यावीत. माझा छातीचा एक्स-रे तृप्तीने ठेवावा. ती पिरंगुटला एका दवाखान्यात एक्स-रे काढते आणि माझाही तिनेच काढला. काचेमागून बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "काय दिसतंय?" ती म्हणाली, "आप्पा, शर्ट घाला आधी." सिमेंटची धूळ होती, सगळीकडे, बारीक खडीसारखी. पोरीला हे बापाच्या फिल्मवर बघावं लागलं, याचं मला वाईट वाटतं.

कलम ४. घासायचं मोठं मशीन मी विकीला देत नाही. त्याने मागितलं होतं. तेव्हा मी काहीच बोललो नाही आणि तो चिडून उठून गेला. कारण आता लिहितो. तू मोटारसायकल चालवतोस तसं मशीन चालवशील, हे मला दिसतं. मालक म्हणेल उद्या पाहिजे, तू पाणी बंद करशील. या घरात एकाची छाती गेली, तेवढं पुरे.

हे मशीन राजाराम कुशाबा शेडगे, राहणार मारुंजी, यांना द्यावं. आम्ही सगळे त्यांना राजू म्हणतो. हे मशीन त्याने आणि मी मिळून घेतलं होतं. मी कोबा तयार करायचो, तो लेप मारायचा. सोळा वर्षं एका टेम्पोत फिरलो आणि एका डब्यात जेवलो. वेगळे झालो तेव्हा मशीन माझ्याकडे राहिलं आणि त्याने मागितलं नाही. का मागितलं नाही ते पुढच्या कलमात आहे. वकीलबाई म्हणाल्या, असलं मृत्युपत्रात लिहीत नाहीत. मी म्हटलं, मग कुठे लिहितात ते सांगा.

कलम ५. ऑगस्ट २०१४ मध्ये चांदे इथल्या एका गोदामाचं काम आमच्याकडे होतं. अकरा दिवस मी घासत होतो. पावसाळ्यात जमिनीखालून ओल वर चढते आणि वरून कोबा कोरडाठाक दिसतो. म्हणून लेपाआधी एक तपासणी असते. प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून कोब्यावर बसवायचा आणि दुसऱ्या दिवशी उचलून बघायचा. खाली दव धरलं असेल तर कोबा ओला आहे, थांबायचं, नाहीतर लेप सुटतो. कोरडं असेल तर कागदावर तसं लिहून सही करायची, मग लेप.

राजू तेव्हा गावी होता. त्याची आई रत्नाबाई वारली होती, तेरावं होतं. गोदामाचा मॅनेजर रविवारी सकाळी आला आणि म्हणाला, बुधवारी माल उतरणार आहे, कोबा तयार नसेल तर पुढची तीन गोदामं दुसऱ्याला देतो. मी शटरजवळचं प्लास्टिक उचललं. खाली दव होतं. चुकून दिसलं नाही असं नाही. मी त्यावर बोट फिरवलं, बोट ओलं झालं, ते पँटला पुसलं. मग कागदावर लिहिलं: कोबा कोरडा आहे. सही केली.

पुढच्या तीन कामांसाठी केलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. ते निम्मंच खरं आहे. मी दमलो होतो. थांबायचं म्हणजे पुन्हा आठवडाभर पंखे लावायचे, पुन्हा मॅनेजरशी तोंड वाजवायचं. मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

सोमवारी राजू आला, डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. लेपाचा माल दोन डब्यांत येतो, तो मापाने मिसळायचा असतो; ते डबे उघडायच्या आधी त्याने मला विचारलं, "भिका, प्लास्टिक उचललंस नव्हं?"

"उचललं."

"कोरडं?"

"कोरडं."

त्याने लेप मारला. दिवाळीपर्यंत शटरजवळ फोड आले आणि पुढे लेपाचे पापुद्रे उचलू लागले. गंगूबाई वाघमारे नावाची बाई तिथे खोकी उचलायचं काम करायची. उचललेल्या लेपाच्या कडेत तिची चप्पल अडकली आणि ती खोक्यासकट पडली. खुब्याचं हाड मोडलं.

मग लेपाचे डबे पुरवणारा माणूस आला, बघून म्हणाला की दोन डब्यांचं माप चुकलंय, मिसळणाऱ्याची चूक. सगळ्यांनी राजूकडे बघितलं. राजूने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "कोबा कोरडा होता. माझी सही आहे कागदावर."

मी खोटं बोलतोय हे राजूला कळलं असं मला वाटतं. त्या दिवसानंतर या पट्ट्यात त्याला कोणी लेपाचं काम दिलं नाही. तो मारुंजीला गेला आणि टेम्पो चालवू लागला. मला ती तीन गोदामं मिळाली.

म्हणून मी इथे लिहून देतो की चांद्याच्या गोदामाचा कोबा ओला होता, तो ओला असल्याचं मला माहीत होतं, आणि कोरडा असल्याचं मी खोटं लिहिलं. राजूची काही चूक नव्हती. हे कलम त्याने हवं त्याला दाखवावं. माझ्या मुलांनी त्याला हरकत घेऊ नये.

कलम ६. पौडला बाजाराच्या गल्लीत माझा दहा बाय बाराचा पत्र्याचा गाळा आहे. तिथे मी मशीन ठेवायचो. तो गाळा गंगूबाईला तिच्या हयातीपर्यंत वापरायला द्यावा, भाडं न घेता. तिच्या पश्चात तृप्तीला.

तिचं नाव मला माहीत होतं, तोंड माहीत नव्हतं. या वर्षी तृप्तीला घेऊन चांद्याला विचारत गेलो, तर कळलं की ती पौडला मुलीकडे राहते आणि रस्त्याकडेला भाजी विकते. इतकी वर्षं मी त्याच रस्त्याने गाळ्यावर जात होतो. तिला खाली बसता येत नाही, खोक्यावर बसते. वाहतूक वाढली की उठवतात.

"तुमी कोण?" तिने विचारलं.

"चांद्याच्या गोदामाचा कोबा मी घासला होता."

"मग?"

मी सांगितलं. बराच वेळ लागला, दम लागत होता. ती मेथीच्या जुड्या बांधत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजी मी बघून चालले न्हाई, आसं न्हवतं?"

"नव्हतं."

"सायेब म्हनला हुता, बाई, बघून चालत जा. घरी समदी तेच म्हनली. मी बी तेच म्हनत आले." हातातली जुडी तिने खाली ठेवली आणि रस्त्याकडे बघत राहिली. माझ्याकडे बघितलं नाही. मग तृप्तीला म्हणाली, "ह्यांना सावलीत बसव. लई दम लागलाय."

गाळ्याबद्दल मी तिला तेव्हा बोललो नाही. ती नको म्हणाली तर आग्रह करू नये, एकदा मात्र नीट विचारावं.

कलम ७. माझ्या मागे बुद्धवंदना घ्यावी, साधी. जेवणावळ नको. मॅनेजर लोकांपैकी कोणी आलंच तर चहा द्यावा. ज्याने मला सांगितलं होतं की तोंडाला पट्टी बांधली की कामगार सावकाश काम करतो, त्यालाही द्यावा. त्याच्याबद्दल माझा राग होता. आता तो धरून ठेवायला ताकद नाही.

इथवर दिनांक २ नोव्हेंबरला लिहिलं. पुढचं कलम दोन आठवड्यांनी वाढवत आहे.

कलम ८. साक्षीदार म्हणून आमचे शेजारी, निवृत्त शिक्षक शेखर मारणे, तयार झाले. दुसरा साक्षीदार ठरायचा होता. त्याआधी राजूला हे वाचायला द्यावं असं मला वाटलं. मी मेल्यावर त्याने वाचण्यात माझी सोय होती, त्याची नव्हती. विकी मारुंजीला जाऊन त्याला निरोप देऊन आला. आज दुपारी तो आला, टेम्पो खाली लावून. केस पूर्ण पांढरे झालेत. पडवीच्या पायरीवर बसून त्याने कागद वाचले. पाचवं कलम दोनदा वाचलं.

"अकरा वर्सं, भिका," तो म्हणाला.

त्याने कागद मांडीवर ठेवले.

"माझी बायको गेली तवा बी तिला वाटत हुतं, मीच डबं चुकवलं. कदी बोलली न्हाई, पर वाटत हुतं."

ती गेल्याचं मला माहीत नव्हतं. फुलाबाईने पाणी आणून दिलं, ते तो प्यायला. मग विचारलं, "साक्षीदार कोण?"

"एक मारणे गुरुजी. दुसरा बघायचाय."

"मी करतो सही."

मी त्याला सांगितलं की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, नंतर लोक शंका काढतात, असं वकीलबाई म्हणतात. "तुला मशीन दिलंय. तू सही करू नकोस."

"मशीन नगं मला," राजू म्हणाला. "सही करतो. ह्या कागदावर माझं नाव पायजेल, माझ्या हातचं."

"मग मशीन?"

दारात विकी उभा होता. राजूने त्याच्याकडे बघितलं. "ह्याला दे. पयली चार-सहा कामं मी उभा राहीन ह्याच्या संगं. पानी बंद केलं तर प्लग काढीन, आन प्लास्टिक मी सोता उचलून बघीन." मग विकीला म्हणाला, "चाललं का रं?"

"चालंल काका," विकी म्हणाला.

तेव्हा कलम ४ मधला मशीनचा भाग मी रद्द करतो. मशीन विकीला, राजू सांगेल त्या अटीवर. विकी, तुझ्यावर मी विश्वास ठेवला नव्हता. ठेवणारा दुसरा निघाला.

त्याने मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. जेवायला थांब म्हटलं तर म्हणाला, भाडं आहे हिंजवडीचं, परत येईन.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे.

भिकाजी लक्ष्मण ओव्हाळ
(सही)
स्थळ: माले, ता. मुळशी, जि. पुणे
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १: शेखर विठोबा मारणे, निवृत्त शिक्षक, माले. भिकाजी यांनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीवर होते. (सही)

साक्षीदार २: राजाराम कुशाबा शेडगे, टेम्पोचालक, मारुंजी. भिकाजीने माझ्यासमोर सही केली. कलम ५ मी वाचले आहे. त्या सोमवारी दोन्ही डबे मी मोजून मिसळले होते. (सही)