आंब्याच्या वासाची बाटली

मस्तगड, जालना
११ डिसेंबर २०२४

चिरंजीव शिवशंकर यास,
ताईचा भरभरून आशीर्वाद.

तुझा फोन बंद, म्हणून पुण्याच्या खोलीवर हे पत्र लिहून राह्यले. इकडं थंडी चांगलीच पडली. केदारखेड्याला आण्णांची तूर शेंगांनी भरली. आमच्या नळाचं तेच, आला तर आला.

प्रांजली बिलकुल बरी हाये. हे पहिल्या ओळीतच लिहायला पाहिजे होतं. काल डॉक्टरीणबाईंनी तपासलं अन् म्हणाल्या, "आता पुन्हा आणायची गरज न्हाई." दवाखान्याच्या पायऱ्यांवरच मला रडू फुटलं. पोरगी माझेच डोळे पुसायला लागली.

त्या दिवसाचं मी कुणापाशी बोलले न्हाई. मी भाकरी थापत होते. पोरीनं तुझ्या बॅगेतली इवली बाटली उघडली. आंब्याचा वास, तिला रसच वाटला. हातावर, फ्रॉकवर सांडला, बोटं चाटली. मंग उलट्या, तोंडातून लाळ, अंग घामानं ओलंचिंब. मला वाटलं, खाण्यातलं काही बाधलं. तू बाटली पाहिलीस अन् पांढराफटक पडलास. तिचा फ्रॉक काढून फेकलास, साबणानं तिचे हात धुतलेस अन् तिला उचलून पळालास.

दवाखान्यात बाईंनी विचारलं, "पोटात काय गेलं?" मी म्हणाले, आंब्याचा रस.

"न्हाई, ताई," तू म्हणालास. "निकोटीन हाये. ई-सिगरेटमधलं. माझं हाये."

तेवढ्यात आण्णा पोचल्ते. त्यांनी सगळ्यांदेखत तुझ्या कानाखाली वाजवली. "माह्या दारात पाय ठिवू नको!" तू गेलास. पण पोरीचा धोका टळल्याचं कळेपर्यंत फाटकाबाहेर उभा होतास, हे वॉचमननं मला नंतर सांगितलं.

पुढचं तुला ठाऊक न्हाई. बाईंनी आण्णांना बसवून घेतलं. म्हणाल्या, "ती वाफ ओढली की निकोटीन फुफ्फुसातून रक्तात अन् लगेच मेंदूत जातं. पण ते कातडीतूनही मुरतं, तोंडाच्या आतूनही. लहान लेकराला थोडंही जड जातं. तुमच्या पोरानं खरं सांगितलं, म्हणून आम्ही बराबर इलाज करू शकलो."

आण्णांनी खिशातली तंबाखूची पुडी चाचपली. मंग हळूच विचारलं, "अन् गालात धरलेली तंबाखू?"

"तीही गालातून रक्तातच जाते, बाबा."

काल ते आल्ते. प्रांजलीला मांडीवर घेऊन, माझ्याकडं न बघता म्हणाले, "शिवाला म्हणावं, ये. त्यानं सोडलं तर मी बी सोडतो. एकट्याच्यानं न्हाई होत."

शिवा, सवय सुटल्यावर येईन, असं करू नको. तसाच ये. आपण तिघं बाईंकडं जाऊ.

तुझ्या एका खऱ्या शब्दानं जिची लेक आज अंगणात खेळून राह्यली, ती
तुझी शिवकन्याताई