शॉवरच्या कडेची रेघ

मंगळवार, ४ मार्च
ठरलं. शॉवरच्या कडेचं सिलिकॉन मीच भरणार! जुनं काळं पडलंय, जागोजागी सुटलंय. फटीतून पाणी बाहेर येतं आणि फरशीभर पसरतं. रविवारी बाबा कायमचे राहायला येताहेत. गेल्या महिन्यात ते त्यांच्या बाथरूममध्ये घसरून पडले, थोडक्यात वाचले. माझ्या घरी तसं होता कामा नये.

नवरा म्हणाला, "अगं, माणूस बोलाव ना." म्हटलं, चाळीस वर्षं प्लंबिंग केलेल्या माणसाची मुलगी आहे मी. जसं काही ते रक्तातूनच उतरतं!

बुधवार, ५ मार्च
जुनं सिलिकॉन खरवडलं. दोन तास. दोन नखं कामी आली.

बाबांचा फोन. "सांधा कोरडा केला का त्या माणसाने?" हो म्हटलं. माणूस म्हणजे मीच, हे सांगायची हिंमत झाली नाही. लहानपणी त्यांचा पान्हा नुसता उचलला तरी म्हणायचे, "ठेव, पायावर पाडशील." आणि एकदा पाडलाही होता. त्यांच्याच पायावर.

गुरुवार, ६ मार्च
दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली, मध्ये सिलिकॉन भरलं, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून फिरवलं. काय सुरेख दिसत होतं! फोटो काढून बहिणीला पाठवला. पट्टी उद्या नीट वाळल्यावर काढू म्हणून ऐटीत चहा घेत बसले.

शुक्रवार, ७ मार्च
पट्टी सिलिकॉन ओलं असतानाच काढायची असते. आज कळलं. ओढली तशी पट्टीबरोबर सगळी रेघच उचकटून हातात आली. नवरा दारात उभा होता, त्याने फक्त कचऱ्याची सुपली पुढे केली. बोलला असता तर निदान भांडता आलं असतं.

शनिवार, ८ मार्च
पहाटे उठून पुन्हा भरलं. पट्टीशिवाय — पट्टीवरचा विश्वास उडालाय. रेघ कुठे जाड, कुठे बारीक, कोपऱ्यात तर चक्क गोळा. शाळेतल्या माझ्या अक्षरासारखी.

रविवार, ९ मार्च
सकाळी शॉवर सोडून पाहिला. बाहेर थेंब नाही!

अकराला बाबा आले. चहासुद्धा न घेता थेट बाथरूमकडे. मी मागे, चोरासारखी. बाबांनी आजवर कोणाच्याही कामाला बरं म्हटलेलं नाही. दारातूनच वाकून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "चांगला माणूस मिळाला तुला. अगदी सरळ रेघ मारलीये."

मी फुगलेच! स्वयंपाकघरात धावत जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. "सरळ म्हणाले?" एवढंच त्याने विचारलं.

सोमवार, १० मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली. बाबा आधी नको नको म्हणाले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी घसरलो नव्हतो गं. बाथरूमची पायरी दिसली नाही."