ॲम्प खिडकीपाशी आहे

सूनबाई,

तुझ्या गिटारचा ॲम्प कपाटामागे दिसला नाही तर घाबरू नकोस, मी तो खिडकीपाशी ठेवलाय. दवाखान्यातून आल्यापासून तू गिटारला हात लावला नाहीस. "ॲम्पचा आवाज फाटलाय, आणि आता नव्याचा खर्च नको," असं तू नवऱ्याला म्हणालीस, ते माझ्या कानावर आलं. म्हणून आज मी तो दुकानात नेला.

दुकानदार आधी माझ्याएवढा उंच ॲम्प दाखवत होता. मी म्हटलं, "बाबा रे, आमच्या दोन खोल्या आहेत, मैदान नाही." मग त्याने जुना उघडून पाहिला. बाकी सगळं ठणठणीत आहे, नुसता स्पीकर बदला, म्हणाला. पहिल्यापेक्षा जरा बरा बघून बसवून घेतला. "एखादं गाणं वाजवून दाखवू का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नको, वाजवणारी घरी आहे."

जेवण झाकून ठेवलंय, आधी खाऊन घे. मी भाजी आणायला जातेय. परत येताना गिटार ऐकू आली तर मी जिन्यातच बसेन. तुझं वाजवून होईपर्यंत वर येणार नाही.

आई