राख डाईवर घालायची

मुलुंड, रविवार, २३ मार्च २०२५

चि. प्रीतमला आजीचा आशीर्वाद, आणि एक धपाटा उधार.

अक्षर तुझ्या बहिणीचं, बोलणं माझं. ऋतिकाने आधीच ‘पत्र लिहिण्यास कारण की’ असं लिहून टाकलं होतं. मी खोडायला लावलं. कारण मी सांगेन तेव्हा सांगेन. तिला बजावलंय, माझं बोलणं धुवून वाळत घालायचं नाही.

इकडे सगळं बरं आहे. सोसायटीच्या होळीची राख यंदाही डबा भरून आणली. वॉचमन म्हणाला, “आजी, भांडी घासायला आता लिक्विड मिळतं.” म्हटलं, “लिक्विडात डाई पुरता येत नाही रे.” त्याला ‘दाई’ ऐकू आलं असावं. तेव्हापासून लांबूनच नमस्कार करतो.

तीच डाई, डब्यांची झाकणं ठोकायचा साचा, जिच्यापायी तू चाकणला गेलास. कडक पोलाद, पाणी दिलेलं, त्याला गेलेली चीर वेल्डने भरायची होती. ते तू थंडच घेतलंस, कडक रॉड लावलास आणि वरून पंखा सोडलास. वेल्ड असं दगड झालं की मशीनवर कटर नुसता किंचाळला आणि दात पाडून बसला. तुझा बाप ओरडला, “आधी तापव, मऊ रॉड लाव, मग राखेत पूर, सावकाश निवू दे! कितीदा सांगू?” तू म्हणालास, “राख घाला तुमच्या धंद्यावर.” तो म्हणाला, “चालता हो.”

झालं. राख घालायची डाईवर, बापलेकांनी घातली डोक्यात.

मला काय कळतं, असं म्हणू नकोस. जन्मभर माझ्या ताटात आमटीपेक्षा रॉडच्या गप्पाच जास्त पडल्यात.

तुझा बाप, माझा धोंडू, बरा आहे. जेवतो. परवा मिठाऐवजी ताकात साखर घातली आणि “झकास झालंय, आये” म्हणून पिऊन टाकलं. ऋतिका हसली. मी नाही हसले.

गेल्या आठवड्यात डबा द्यायला वर्कशॉपमध्ये गेले, तर तुझी डाई पुढ्यात घेऊन बसलेला. तुझं वेल्ड सगळं घासून काढलेलं, चिरेची खाच स्वच्छ केलेली, डाई तापवलेलीही. तोंडावर काच धरली आणि रॉड टेकवला, तो खाचेच्या बोटभर बाजूला. परत टेकवला. परत बाजूला. मग काच ठेवली, हातमोजा काढला आणि बोटाने खाच चाचपायला निघाला. तापलेल्या डाईवर, झिला! मी किंचाळले म्हणून बोट राहिलं.

मला म्हणतो, “नंबर वाढलाय चष्म्याचा.”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून घ्या. हा म्हणतो, ही डाई झाल्याशिवाय नाही. म्हटलं, मग दे दुसऱ्या कुणाकडे. तर म्हणाला, “नाही. ती प्रीतमची आहे.” आणि डबा उघडून जेवायला बसला.

वर माझ्याकडून शपथ घेतली, प्रीतमला फोनवर यातलं काही बोलायचं नाही. घेतली. पत्राचं त्याला सुचलं नाही. बाप कुणाचा!

तर कारण हे.

राख चाळून, कोरडी करून ठेवलीय. तो माफी मागणार नाही, तूही मागू नकोस. दोघांनाही जमत नाही, उगाच वाईट दिसेल. नुसता ये, काच तोंडावर घे आणि विचार, “पप्पा, रॉड कुठला लावू?” त्याला ठाऊक आहे, तुलाही ठाऊक आहे. तरी विचार.

माझे डोळे अजून शाबूत आहेत. गल्लीच्या तोंडाशी आलास की आधी मलाच दिसशील. कोण आलंय ते त्याला मी सांगेन.

खाली अंगठा माझा. राखेचा आहे, झटकू नकोस.

तुझी,
आजी